न गाळलेली कळशी

नारू म्हणजे काय, हे माझ्या नातवंडांना आता समजावून सांगावं लागतं, आणि ते सांगताना मला मनातून फार बरं वाटतं. उन्हाळ्यात पायाला एक फोड यायचा. तो फुटला की त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा बाहेर डोकवायचा. हातभर लांब असायचा. ओढला तर तुटायचा आणि पाय सुजून पिकायचा, म्हणून काडीला गुंडाळून रोज बोटभर, बोटभर असा तो काढायचा. त्यात महिना जायचा, कधी दोन. एवढं ऐकलं की नातवंडं तोंड वाकडं करून पळतात, आणि मी त्यांचे नीट टाकलेले सरळ पाय बघत बसते.

मी लग्न होऊन त्या गावात आले तेव्हा मिठाचा सत्याग्रह व्हायला अजून चार-पाच वर्षं होती. अलिबागेहून काशीदकडे जाताना समुद्राला लागून नारळी-पोफळीच्या वाड्या लागतात, त्यांतलं ते गाव. माझं माहेर माणगावकडचं. आमच्याकडे विहिरीला रहाट असे, दोर टाकून पाणी ओढायचं. सासरी वाडीत विहीर होती, पण तिचं पाणी मचूळ. झाडांना चालायचं, माणसांना नाही. गोडं पाणी सगळ्या गावात एकाच ठिकाणी, देवळामागच्या पायऱ्यांच्या विहिरीत. विहीर कसली, छोटं तळंच ते. पूर्वेच्या पायऱ्यांनी आमच्या आळीतली माणसं उतरायची, पश्चिमेच्या पायऱ्यांनी कोळीवाडा आणि मुसलमान मोहल्ला. गुडघाभर पाण्यात उभं राहून कळशी बुडवायची आणि निघायचं. पहिल्या दिवशी मला ते फार सोयीचं वाटलं. दोर नको, हात सोलवटायला नकोत.

माझी मोठी मुलगी सहा वर्षांची होती तेव्हा तिच्या घोट्यापाशी नारू निघाला. तो मध्येच तुटला. तीन महिने ती पोर अंथरुणावर होती आणि उठली तेव्हा तिची टाच जमिनीला टेकत नव्हती. ती पुढे जन्मभर चवड्यावरच चालली. तेव्हा माझा मुलगा वर्षाचा होता, नुकता पेल्यानं पाणी प्यायला शिकला होता. पाणीच बाधतं असं बायका म्हणायच्या, म्हणून त्याच्या तोंडाला पेला लावताना माझा हात आखडायचा. पण पाणी तेच, विहीर तीच. दुसरं काय पाजणार?

आमचे हे मुंबईला गोदीत कारकून. आगबोट चालू असेल तेव्हा महिन्या-दोन महिन्यांनी यायचे. घरात सासूबाई, मामंजी, दोन मुलं आणि मी. मामंजी शाळामास्तर होते, निवृत्त झालेले. सगळं गाव त्यांना मास्तरच म्हणे. त्यांनी एक वाचनालय काढलं होतं. वाचनालय म्हणजे आमच्या पडवीतलं एक कपाट, दोन बाकं आणि आठवड्यानं शिळी होऊन येणारी वर्तमानपत्रं. सभासद आमच्याच आळीतले दहा-बारा. तिथे जगातल्या सगळ्या गोष्टींवर चर्चा व्हायची. मी माजघरात तांदूळ निवडत ऐकायची आणि मधूनमधून दात-ओठ खायची.

एकदा तालुक्याच्या दवाखान्यातले एक तरुण डॉक्टर वाचनालयात व्याख्यानाला आले. त्यांनी सांगितलं, की नारू पाण्यातून होतो. नारू झालेला माणूस विहिरीच्या पाण्यात पाय बुडवतो, तेव्हा किड्याची पिल्लं पाण्यात सुटतात. पाण्यात डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या पिसवा असतात, त्या ही पिल्लं गिळतात. आपण पाण्याबरोबर पिसवा गिळतो. किडा वर्षभर अंगात वाढतो आणि पुढच्या उन्हाळ्यात पायातून बाहेर येतो. उपाय दोन. पाणी दुहेरी कापडातून गाळून प्यायचं, आणि पायऱ्या भिंतीनं बंद करून वर रहाट बसवायचा, म्हणजे कोणाचा पाय पाण्याला लागणार नाही.

मामंजी दुसऱ्याच दिवशी देवळाच्या वहिवाटदारांकडे गेले. गावातली सर्वांत मोठी वाडी त्यांची, देऊळ त्यांच्या ताब्यात आणि विहीर देवळाची. ते म्हणाले, "मास्तर, देवाची पालखी त्या पायऱ्यांनी स्नानाला उतरते, गणपती त्यात विसर्जन होतात. एका डॉक्टराच्या सांगण्यावरून मी भिंत घालू?" मामंजींना राग आला की ते फार शुद्ध बोलत. त्या दिवशीही शुद्ध बोलत बोलत त्यांनी वहिवाटदारांनी घातलेली पैज मान्य करून टाकली. आधी वर्षभर गावानं पाणी गाळून प्यावं. पुढच्या उन्हाळ्यात गाळणं असलेल्या एकाही घरात नारू निघाला नाही, तर भिंत घालायची. निघाला, तर मास्तरांनी हा विषय पुन्हा कधी काढायचा नाही.

हे ऐकून मी कपाळाला हात लावला. एकही नाही म्हणजे एकही नाही. गावातली शंभर घरं, त्यात बायकांच्या हातातलं पाणी, आणि शब्द देऊन आले मामंजी. पण मुलाकडे बघितलं की वाटे, भिंत झालीच पाहिजे. पुढचा उन्हाळा त्याच्यासाठी चुकला असेल किंवा नसेल, त्याच्यापुढचे सगळे तरी चुकवता येतील.

वाचनालयाच्या मंडळींनी जोरात काम सुरू केलं. मामंजींनी सुवाच्य अक्षरात विनंतीपत्रक लिहून देवळाच्या खांबाला चिकटवलं. गावात वाचता येणारी माणसं वीस, ती सगळी ते पत्रक लिहिताना पडवीत हजर होती. मग दोघं-तिघं घरोघर विचारायला निघाले, आपल्याकडे नारूचं कोणी आहे काय? प्रत्येक घरी उत्तर आलं, नाही. लग्नाची मुलगी असलेलं घर नारू कबूल करतं होय? मंडळी हात हलवत परत आली आणि म्हणाली, गावात नारू फारसा दिसत नाही.

आमच्या वाडीच्या कुंपणाला लागून एक पाणंद होती. कोळीवाड्यातल्या बायका मासळीच्या पाट्या घेऊन तिनं मोहल्ल्याकडे आणि पुढे जायच्या. आमच्या घरात मासळी येत नसे, त्यामुळे आमच्या दारात कोणी थांबायचं नाही. पण त्यांतली एक, माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठी, कुंपणापाशी पाटी टेकून पदरानं वारा घ्यायची आणि माझ्याशी दोन शब्द बोलायची. तिला मी विचारलं, तर ती उभ्या उभ्या बोटांवर मोजत सांगायला लागली. अमक्याच्या सुनेला गुडघ्यात हाय, तमक्याचा म्हातारा दोन महिने उठला न्हाय, मोहल्ल्यात तिघी, आमच्या वाड्यात धा-बारा. पुरुषमंडळींना जे घर आत येऊ देत नव्हतं, त्याच घराच्या मागच्या दारी हिच्यापुढे सून लंगडत भांडं घेऊन यायची. मंडळींना महिनाभरात कळलं नाही ते मला ती पदरानं वारा घेईपर्यंत कळलं.

डॉक्टरांनी मामंजींकडे एक भिंग ठेवलं होतं. मी ते आणि विहिरीच्या पाण्याचा काचेचा पेला घेऊन दुसऱ्या दिवशी कुंपणाशी गेले. तिनं एक डोळा मिटून भिंगातून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "बाय, ही तर कोलीम."

कोळीम म्हणजे जवळ्याहूनही बारीक मासळी, फडक्यासारख्या दाट जाळ्यातच सापडते. मी म्हटलं, कोळीम नव्हे, पण तिच्यासारखंच काहीतरी. ती म्हणाली, "मंग कापूड म्हंजे जालंच की. दाट असंल तर धरंल, इरळ असंल तर सुटंल. त्यात काय सांगाचं हाय?" डॉक्टरांनी जे तासभर सांगितलं, ते तिनं दोन वाक्यांत आटपलं. पुढे कोळीवाड्यात ते असंच सांगितलं गेलं, आणि पटलंही लगेच.

तिच्या पाटीमागून सगळं चालू लागलं. मोहल्ल्यातल्या मशिदीत प्रवचन करणाऱ्या खतीबसाहेबांच्या बीबी तिच्या नेहमीच्या गिऱ्हाईक. मोहल्ल्यातल्या बायकांचा हात शिवणात बारीक, टोप्या शिवायच्या त्या. मोहल्ल्यातले एक व्यापारी आगबोटीनं मुंबईहून मलमलीचं ठाण घेऊन आले, आणि बायकांनी दुहेरी मलमलीची गाळणी शिवली. हंड्याच्या तोंडाला बसतील अशी गोल, कडेला नाडी. खतीबसाहेबांनी शुक्रवारच्या नमाजानंतर दोन शब्द सांगितले. कोळीवाड्यातल्या भजनी मंडळानं एकादशीला भजन संपल्यावर, प्रसाद हातात पडायच्या आधी सांगितलं. प्रसादाच्या आधी कोणी उठून जात नाही, ही युक्ती त्यांचीच. आणि गाळणी वाटली ती मासळीच्या पाटीतून. वर केळीचं पान, त्यावर गाळणी, खाली बांगडे. आमच्या आळीपुरती मी चैत्रातल्या हळदीकुंकवाला ओटीबरोबर एकेक गाळणं दिलं. आदल्या दिवशी ती सगळी चार पाण्यांतून काढून वाळवली होती, वास जावा म्हणून.

ज्याला नारू आहे त्यानं पायऱ्या उतरायच्या नाहीत, शेजारणीनं त्याची कळशी भरून द्यायची, हेही बायकांनीच ठरवलं. मामंजी एकदा कौतुकानं म्हणाले, "वाचनालयाचं कार्य बरंच पसरलं म्हणायचं." मी मान खाली घालून भाकरी वाढली. हसू आवरणं कठीण होतं.

एक गोष्ट मात्र इथे लिहून ठेवते, कारण ती लपवून बाकीचं सांगणं बरं नाही. गावाच्या टोकाला एक वस्ती होती. तिथल्या माणसांना विहिरीच्या एकाही बाजूनं उतरायची बंदी होती. ती ओढ्याच्या वाळूत खड्डा खणून, त्यात झिरपलेलं पाणी नारळाच्या करवंटीनं भरायची. त्या वस्तीत नारू नव्हता. वाळूतून गाळून येणाऱ्या पाण्यात तो असेलच कसा. हे मामंजींना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि तरी आमच्यापैकी कोणी तिथे जाऊन एक शब्द विचारला नाही. पुढे रहाट बसला तेव्हाही त्यांच्यासाठी तो बसला नाही. आमच्या चांगुलपणाला कुंपण कुठवर होतं हे मला फार उशिरा दिसलं, आणि आजही आठवलं की लाज वाटते.

वर्ष गेलं. होळी झाली, ऊन तापू लागलं, आणि मी रोज कुंपणापाशी जाऊन विचारू लागले. ती सांगायची, "न्हाय." पुन्हा आठवड्यानं, "न्हाय गो बाय, कुनाला न्हाय." मोहल्ल्यात नाही, कोळीवाड्यात नाही, आमच्या आळीत नाही. माझा आनंद पोटात मावेना. मुलगा आता पळायला लागला होता. मी मामंजींना म्हटलंसुद्धा, रहाटाच्या लाकडाचं बघून ठेवायला हवं.

वैशाखात मामंजींच्या उजव्या घोट्याला फोड आला. त्यांनी दोन दिवस ठेच लागली म्हणून पट्टी बांधली. तिसऱ्या दिवशी मी पट्टी सोडली, पाणी ओतलं, आणि तो पांढरा दोरा दिसला.

गावातली सगळी घरं सोडून आमच्याच घरात, आणि सगळ्यांना सोडून मामंजींनाच? माझ्या हातानं मी रोज पाणी गाळत होते. मुलं तेच पीत होती, मी तेच पीत होते. मग उजेड पडला. मामंजी ते पाणी पीतच नव्हते.

आमच्या घरी स्वयंपाक आणि देवपूजा सोवळ्यात. सासूबाई पहाटे ओलेत्यानं विहिरीवर जाऊन एक तांब्याची कळशी भरून आणायच्या. वाटेत कोणाला शिवायचं नाही, कळशी खाली टेकायची नाही. देवाला, स्वयंपाकाला आणि मामंजींच्या ताटापाशी पाणी असे ते त्या कळशीतलं. मामंजी सुधारक होते, पण उंबऱ्याबाहेर. घरात ते मुकाट्यानं मुकटा नेसून जेवायला बसत. आणि त्या कळशीला गाळणं लागत नव्हतं. वर्षभरात एकदाही लागलं नव्हतं.

मी सासूबाईंना विचारलं. त्या अगदी सरळ म्हणाल्या, "देवाच्या पाण्याला कसलं आलंय गाळणं? ते सोवळ्याचं पाणी. सगळ्यांत शुद्ध तेच. आणि ते कापड कुणाकुणाच्या हातातून आलेलं." त्यांच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती. त्यांना खरोखरच वाटत होतं, की घाण असते ती बाकीच्या पाण्यात.

माझा तोल गेला. मी म्हटलं, "तुमच्या सोवळ्यानं मामंजींच्या पायात किडा घातला. गावातल्या सगळ्या बायकांना जमलं ते तुम्हांला जमलं नाही. आता माझ्या मुलाचा पाय वाकडा झाला की तुमचं सोवळं पूर्ण होईल." सून सासूला असं बोलत नसे त्या काळी. बोलले. सासूबाईंचा चेहरा एकदम म्हातारा झाला. त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या. बोलून गेले त्याचं मला आजही वाईट वाटतं. त्यांनाही त्याच विहिरीनं फसवलं होतं, मला फसवलं तसंच.

पडवीतून मामंजींनी हाक मारली. मी गेले. ते म्हणाले, "सूनबाई, झालं ते झालं. त्या कळशीचं एक अक्षर या घराबाहेर जाता कामा नये."

"पण मामंजी, तुम्ही गाळलेलं पीत नव्हता, हे सांगितलं तर पैज मोडत नाही."

"ते सांगायचं म्हणजे तिचं नाव सांगायचं. उद्या विहिरीवर बायका तिच्याकडे बोट दाखवतील. ते मला नको." एवढं बोलून त्यांनी वर्तमानपत्र उघडलं. ते उलटं धरलं होतं.

त्या संध्याकाळी वाचनालयात वहिवाटदार आले, खतीबसाहेब आले, कोळीवाड्यातले एक तांडेल, मचव्यावरचे म्होरके, आले. मामंजी पाय स्टुलावर ठेवून बसले होते. त्यांनी स्वतःच सांगून टाकलं, की नारू माझ्याच घरात निघाला, माझ्याच पायाला. वहिवाटदारांनी विचारलं, "घरात गाळणं नव्हतं का?" मामंजी म्हणाले, "होतं." पुढे काही नाही. वहिवाटदार वाईट माणूस नव्हते, त्यांनीही मान खाली घातली. खतीबसाहेब म्हणाले, "अल्लाची मर्जी, मास्तर." आणि सगळे उठून गेले. मी माजघराच्या दाराशी उभी होते, माझ्या शेजारी सासूबाई. त्यांनी सगळं ऐकलं. मामंजींनी गिळलेला शब्दही त्यांनी ऐकला असणार, कारण त्या दारातून हलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोळीण कुंपणाशी येऊन म्हणाली, "बाय, मास्तरांना कसा गो निंगाला? गालून पितात ना?" माझ्या ओठावर आलेलं मी परत लोटलं. म्हटलं, "काय कळत नाही." ती माझ्याकडे बघत राहिली. तिला खोटं ओळखू येत नव्हतं असं थोडंच आहे. पाटी उचलून ती विहिरीकडे वळली, कळशी भरून घरी ठेवली की मगच ती मासळी विकायला निघत असे.

मीही घागर घेऊन गेले. सकाळची वेळ, दोन्ही बाजूंच्या पायऱ्यांवर बायकांची गर्दी. पूर्वेकडे सासूबाई ओलेत्या उभ्या होत्या, नेहमीपेक्षा उशिरा आलेल्या. एरवी त्या पहाटेच येत, कोणाचा स्पर्श होऊ नये म्हणून. आज मुद्दाम गर्दीच्या वेळी आल्या होत्या. त्यांनी कळशी पायरीवर ठेवली. टेकवली म्हणजे सोवळं गेलं. आळीतल्या बायका बघत राहिल्या.

सासूबाई चारचौघांत कधी मोठ्यानं बोलल्या नव्हत्या. आवाज फाटत होता. पलीकडच्या पायऱ्यांपर्यंत पोचावा म्हणून त्या जोर लावून म्हणाल्या, "आमच्या ह्यांना नारू झाला तो गाळणं खोटं म्हणून नाही. त्यांचं पाणी मी गाळतच नव्हते. सोवळ्याचं म्हणून तसंच घालत होते. त्यांनी हे काल सांगितलं नाही, म्हणून मी सांगते."

कोणी बोट दाखवलं नाही. मग आमच्याच आळीतली एक म्हणाली, "आमच्याकडे तरी सोवळ्याचं कोण गाळतं?" वहिवाटदारांच्या वृद्ध आई काठी टेकत उभ्या होत्या. त्यांच्या पायालाही पंधरा दिवस पट्टी होती, ठेच म्हणून. त्या म्हणाल्या, "माझी ठेच नव्हे ती." एवढंच.

पलीकडून माझी कोळीण बोलली. "वयनी, तुमी बोलल्यात म्हनून मी पन बोलतंय. घरातला हंडा मी गालतंय. पन मचव्यावर न्यायचा पान्याचा पीप हाय, तो तसाच भरतंव. घाई असते नि पीप मोटा. माजा दादला दर्यात हाय, त्याच्या पायाला काय निंगालंय त्ये मला तरी कुटं म्हाईत?" आणि खतीबसाहेबांच्या बीबी हळूच म्हणाल्या, "मशिदीतला माठ मरदं भरतात. तो कोन गालतो? कोनीच नाय."

मी पाण्यात तशीच उभी राहिले. वर्षभर आम्ही घरोघर गाळणी पोचवली, आणि प्रत्येक वाड्यात एकेक भांडं राहून गेलं. आमच्यात देवाची कळशी, कोळीवाड्यात दर्याचं पीप, मोहल्ल्यात मशिदीचा माठ. जे भांडं ज्यांना सर्वांत महत्त्वाचं, नेमकं तेच. आणि हे बाहेरच्या कोणाला हुडकता आलं नसतं. एकीनं स्वतःचं सांगितलं म्हणून दुसरीनं सांगितलं.

कोळीण म्हणाली, "गालनं चुकतं, बायांनो. भिंत चुकाची न्हाय. नि गनपतीला दर्या कुटं लांब हाय?" त्या दिवशी तिची पाटी गावभर फिरली तेव्हा बांगड्यांबरोबर हेही घरोघर उतरलं. संध्याकाळपर्यंत एकही पुरुष असा नव्हता, ज्याला जेवताना हे ऐकावं लागलं नाही.

चार दिवसांनी वहिवाटदार पुन्हा पडवीत आले. मामंजी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "मास्तर, विषय तुम्ही काढायचा नाही असं ठरलं होतं. तुम्ही काढूही नका. मीच काढतो. भिंत कधी घालायची?"

पुढचं थोडक्यात. चिरे वहिवाटदारांच्या वाडीतून आले, रहाटाचा दोर कोळीवाड्यानं वळला, चुना मळायला मोहल्ल्यातली तरणी माणसं आली. मृगाच्या आत दोन्ही बाजूंच्या पायऱ्या बंद झाल्या. मचव्यावरच्या पिपाला मोहल्ल्यातल्या बायकांनी वेगळं मोठं गाळणं शिवून दिलं. पुढच्या उन्हाळ्यात दोन-चार जणांना निघाला, आधीच पोटात गेलेला. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात एकालाही नाही. माझा मुलगा सरळ पायांनी वाढला. त्याला पळताना बघून मी कितीदा तरी उगाचच रडले आहे.

पण माझ्या मनात राहिला आहे तो भिंत पुरी झाली तो दिवस. मामंजी काठी टेकत विहिरीवर गेले, सासूबाई आणि मी मागून. सासूबाईंनी उभ्या जन्मात दोर ओढला नव्हता. पलीकडून कोळीण ओरडून सांगत होती, हात कसा आवळायचा, पाय कुठे रोवायचा. सासूबाईंनी कळशी वर ओढली, तळवे लाल झाले. मग त्यांनी कमरेला खोचलेलं एक फडकं काढलं आणि रिकाम्या हंड्याच्या तोंडावर बांधलं. त्यांच्या स्वतःच्या रेशमी सोवळ्याचा पदर फाडून, दुहेरी शिवून केलेलं गाळणं होतं ते. बायका बघत असताना त्यांनी कळशी त्यात ओतली.

परत येताना मामंजी वाटेत थांबले. माझ्यासमोर ते बायकोशी फारसं बोलत नसत. त्या दिवशी बोलले. "कशाला सांगितलंस सगळ्यांपुढे?"

सासूबाई हंडा सावरत पुढे चालत राहिल्या. मागं न बघता म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं नाहीत म्हणून."